फ्रेंच पेंटर आणि बाबांचा होकार

माझ्या वाट्याला आलेला चित्रकार हा जगातला सगळ्यात कंटाळवाणा माणूस असावा, असं मला सुरुवातीला मनापासून वाटत होतं. तो फ्रान्सच्या मधल्या भागातल्या एका डोंगराळ खोऱ्यात जन्मला. तिथल्याच शाळेत त्याने मुलांना चित्रकला शिकवली. तिथल्याच नदीची आणि नदीपलीकडच्या एका उताराची चित्रं आयुष्यभर काढली आणि तिथेच वारला. मध्ये काही वर्षं तो पॅरिसला होता, पण परत आला. का परत आला हे कुठेही लिहिलेलं नाही. त्याने कोणाशी भांडण केलं नाही, कोणाला पळवून नेलं नाही, त्याला वेड लागलं नाही. लग्न केलं, दोन मुली झाल्या, म्हातारपणी पेन्शन घेतली. आता यावर निबंध काय लिहायचा?

मी अबू धाबीतल्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकत होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बाबा नववीपर्यंत शिकले, आई सातवीपर्यंत. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय विचारलं की लोक हसतात, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. एक विषय अकाउंट्सच्या बाहेरचा घ्यावा लागतो असं कळल्यावर मी चित्रकलेचा इतिहास घेतला. आवड वगैरे काही नव्हती. आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून निघणारी बस त्या तासाला बरोबर पोचायची, एवढंच.

शिकवणाऱ्या मॅडम ट्युनिशियाच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ज्यांची चित्रं चहाच्या मगवर आणि टी-शर्टवर छापतात, त्या चित्रकारांना माझ्या वर्गात बंदी आहे. मग त्यांनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. माझी चिठ्ठी बघून त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, "हा? हा रीजनल पेंटर."

"रीजनल म्हणजे?" मी विचारलं.

"ज्याला पॅरिसवाले आपला म्हणत नाहीत तो."

वर्ग हसला. माझ्या शेजारच्या मुलीला निदान एक असा मिळाला होता, ज्याचं जहाज बुडालं होतं.

माहिती मिळवायची तर कुठून मिळवायची? त्याच्या गावात एक छोटं म्युझियम आहे आणि ते फक्त उन्हाळ्यात दुपारचं उघडं असतं. त्यांनी छापलेला एक कॅटलॉग मॅडमनी मला स्कॅन करून दिला. सगळा फ्रेंचमध्ये आणि चित्रं काळी-पांढरी, तीही पुसट. मी एकेका पानावर फोन धरायचे आणि फोन त्याचं इंग्रजी करायचा. कधी फोन म्हणायचा की चित्रकार नदीवर बसला, कधी म्हणायचा नदी चित्रकारावर बसली. एका पानावर त्याचे वडील लाकडी बूट कोरणारे होते, तर दुसऱ्यावर ते स्वतःच लाकडी होते. मी वैतागून लॅपटॉप बंद करायचे आणि बॅलन्स शीट काढून बसायचे. तिथे निदान दोन्ही बाजू जुळल्या की काम संपतं.

पण जानेवारीत एक गोष्ट झाली. आमच्याकडे थंडीत सकाळी दाट धुकं पडतं. फोनवर धोक्याचे मेसेज येतात, बस रांगत जाते. त्या दिवशी खिडकीतून बाहेर काहीच दिसत नव्हतं. फक्त हायवेच्या पुलाची खालची कड दिसत होती, तीही मध्येच तुटलेली. मांडीवरच्या लॅपटॉपवर मी कॅटलॉग उघडला होता आणि त्यात त्याच्या गावच्या पुलाचं चित्र होतं. तिथेही पुलाची फक्त खालची कड होती. बाकी काही काढलेलंच नव्हतं. आदल्या दिवशी मी त्या चित्रासमोर लिहिलं होतं, 'अपूर्ण.' ते अपूर्ण नव्हतं. त्याने जेवढं दिसलं तेवढंच काढलं होतं.

यात एवढं काय आहे, असं कोणी विचारलं तर मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्यानंतर बॅलन्स शीट काढून बसणं बंद झालं. हाच विषय पुढे शिकायचा, असं मी काही आठवड्यांत ठरवलं. मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझी फी कोण भरतं?"

"बाबा."

"मग आधी त्यांच्याशी बोल. ते हो म्हणाले की मी तुला मदत करीन. नाही म्हणाले तर माझ्याकडे रडत येऊ नकोस, हबीबती. मी खूप मुली रडताना बघितल्या आहेत." त्या सगळ्याच मुलींना हबीबती, म्हणजे लाडके, म्हणायच्या.

बाबा मुसफ्फातल्या एका फर्निचर फॅक्टरीत आहेत. हॉटेलांचे दरवाजे, रिसेप्शनची काउंटरं, कपाटं, सगळ्यांचं पॉलिश आणि रंग त्यांच्याकडे. व्हिसावर त्यांचा हुद्दा 'पेंटर' असा लिहिलेला आहे. घरी आले की ते आधी थिनरने हात पुसतात, मग साबणाने धुतात, मग पुन्हा वास घेऊन बघतात. मी त्यांना गाठलं ते बेसिनपाशीच. वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं.

"बाबा, मला मेजर चेंज करायचंय. अकाउंट्स नको. मी ते फ्रेंच पेंटरचं प्रोजेक्ट करतेय ना, त्यातच पुढे डिग्री करायची आहे."

नळ जोरात सुरू होता. बाबांनी तो बंद केला.

"फ्रेंच?"

"हो."

"पेंटरचं?"

"हो."

"कॉलेजात शिकवतात हे?"

"पूर्ण डिग्री असते बाबा."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता ओरडणार. मी पुढची वाक्यंही पाठ केली होती. ती लागलीच नाहीत.

"कर," बाबा म्हणाले. "कर की मग."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जरा विचार तरी करा."

"विचार कसला? रक्तातच आहे ते पोरीच्या."

रक्तात? आमच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरशिवाय चित्र नव्हतं. पण होकार मिळाल्यावर माणूस असले प्रश्न विचारत बसत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि आरशात बघून उगाच हसले.

आमच्या व्हिलाचे भाग पाडून पाच कुटुंबं राहतात. शेजारच्या भागात बाबांच्याच फॅक्टरीतले सुतारकाका असतात, कुडाळकडचे. ते सुट्टीवरून आले आणि रविवारी सकाळी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"घे गे बाय, तुझ्यासाठी गावाक्सून हाडलंय. खरी चपडा लाख. हंय दुकानात गावाची नाय."

पिशवीत तपकिरी, चकचकीत पापुद्रे होते. "काका, हे कशाला?"

"कशाक म्हणजे? तुज्या फ्रेंच पॉलिशाक!"

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाच्या बोळ्याने लाकडावर हाताने घासत, थरावर थर देत चमक आणायची, ते फ्रेंच पॉलिश. बाबांनी तरुणपणी गावाकडे तेच काम केलं. इथे सगळं स्प्रेगनने होतं, पाच मिनिटांत. 'फ्रेंच पॉलिश आता कोणाला येतं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आणि आमच्या घरात पेंटर म्हणजे बाबा. दुसरा कोणी पेंटर नाहीच.

आता मला रक्ताचा अर्थ लागला.

चूक माझ्या जिभेची होती असंही म्हणता येईल. 'चित्रकार' हा शब्द मला येतो. वाचता येतो. पण मी इथल्या शाळेत शिकले, तिथे मराठी नव्हतं. माझं मराठी जेवणाचं, रुसण्याचं, पाहुण्यांशी बोलण्याचं. चित्रकार हा शब्द मी आयुष्यात मोठ्याने कधी उच्चारलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी सांगायचा प्रयत्न करत होते, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्याच दुपारी म्हटलं, "बाबा, ते पॉलिश नाहीये हं."

"माहीत आहे गं," बाबा म्हणाले. "तुमच्यात काहीतरी मोठं नाव असणार त्याला. सरफेस कोटिंग का काय."

"नाही, म्हणजे तो पेंटर आहे, पण..."

"पेंटरच म्हणायचं. लाज कसली?"

नंतर एकदा गाडीत सांगायला गेले, तर ते गावाला आत्याशी फोनवर बोलत होते. "हो, आमचीच लाइन. पण वरची. फॉरेनची पद्धत." मी खाणाखुणा केल्या. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत्या म्हणाली, "बापाचं नाव काढलंस गो!"

शेवटी मी त्यांना मेसेज लिहिला. मराठीत, लांबलचक, व्यवस्थित. बाबांनी अंगठा पाठवला आणि त्याखाली सागवानी दरवाजाचा फोटो. 'आज केला. बघ लाकडाची ग्रेन.'

मी तो मेसेज आईला दाखवला. आईला पहिल्या ओळीतच कळलं. तिने हसू दाबलं, मग गंभीर झाली. "मग नकोच सांगू," ती म्हणाली.

"असं कसं, आई?"

"कर म्हणालेत ना? कर. डिग्री हातात आली की कळेलच."

"पण ते मला हो म्हणालेच नाहीत. दुसऱ्याच कुठल्या मुलीला म्हणाले."

"काहीतरीच बोलतेस," आई म्हणाली आणि डाळ निवडायला लागली.

मी काहीतरीच बोलत नव्हते. बाबा खूश होते ते मी त्यांची लाइन घेतली म्हणून. तो आनंद बघायला बरा वाटत होता आणि बघवतही नव्हता. मॅडम दर तासाला विचारायच्या, "घरी बोललीस?" मी म्हणायचे, "बोललेय, पण झालेलं नाही." त्यांना वाटायचं माझं इंग्रजी कच्चं आहे.

या सगळ्यात निबंध लिहायचा होताच. कॅटलॉगमधल्या बऱ्याच चित्रांच्या नावांत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. फोनने त्याचं इंग्रजी केलं, ब्रूम. उतारावरचे ब्रूम, सकाळचे ब्रूम, पावसानंतरचे ब्रूम. म्हणजे झाडू. चित्रं काळी-पांढरी होती आणि उतारावर खरोखरच उभे उभे, बारीक फटकारे मारलेले होते, जुडगे करून ठेवल्यासारखे. आमच्या गावाकडे माडाच्या हिरांच्या केरसुण्या बांधतात आणि विकायला न्यायच्या आधी अशाच उन्हात उभ्या करतात. मला वाटलं, सापडला! या खोऱ्यात केरसुण्यांचा धंदा असणार. ज्या कामाकडे कोणी बघत नाही, ते हा माणूस आयुष्यभर काढत राहिला. मी दोन पानं लिहिली. त्याच्या वडिलांचे लाकडी बूट, गावातल्या केरसुण्या बांधणाऱ्या बायका, पॅरिसवाल्यांना हे कसं कळावं. ती मी स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवली, खोटं का सांगू.

मॅडम ती पानं वाचताना आधी थांबल्या, मग मागचं पान पुन्हा वाचलं, मग चष्मा काढून ठेवला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की दारातून जाणाऱ्या दुसऱ्या सरांनी आत डोकावलं.

"हबीबती," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ब्रूम हे झुडूप आहे. रानटी झुडूप."

त्यांनी संगणकावर त्या उताराचा रंगीत फोटो काढून दाखवला आणि मग कुठल्याशा लिलावाच्या साइटवरून त्याचंच एक चित्र, रंगीत. सगळा डोंगर पिवळाधमक होता. हळद सांडावी तसा. मी इतके दिवस राखाडी बघत होते ते सगळं पिवळं होतं.

"किती दिवस फुलतं हे?" मी विचारलं.

"थोडेच. वसंतात. मग पुन्हा हिरवं-करडं."

म्हणजे तो वर्षभर मुलांना वाट्या आणि सफरचंदं काढायला शिकवत असणार, आणि ते थोडे दिवस आले की रंगांची पेटी घेऊन तिकडे पळत असणार. शाळा असायचीच. उजेड जायच्या आत जेवढं होईल तेवढं. म्हणून तोच उतार पुन्हा पुन्हा. एका वर्षी संपतच नसणार. हा माझा अंदाज. कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं नाही. पण लाजेने कान तापलेले असतानाही मला तो पहिल्यांदा खरोखरचा माणूस वाटला.

रविवारी जेवताना मी केरसुण्यांची गोष्ट घरी सांगितली. ठरवून नाही. बांगड्याचं तिखलं होतं, बाबा मजेत होते आणि मला ती गोष्ट कोणाला तरी सांगायचीच होती.

"दोन पानं?" बाबा म्हणाले. "केरसुणीवर?"

"हिरांच्या. उन्हात ठेवतात तशा."

बाबा हसता हसता ठसकले. आईने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. "आणि मॅडम काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"म्हणाल्या, अगं झाड आहे ते. मग त्यांनी चित्र दाखवलं, सगळा डोंगर पिवळा."

"कसलं चित्र?"

"त्याचंच. पेंटरचं."

बाबा अजून हसत होते. "पेंटर डोंगराचं चित्र कशाला काढेल?"

आईने ताटाकडे बघत मान खाली घातली. बाबांचं हसू हळूहळू उतरलं.

"चित्रकार होता तो, बाबा," मी म्हटलं. शब्द आला एकदाचा.

"चित्रकार म्हणजे तसबिरी काढणारा?"

"हो."

"मग पॉलिश?"

"नाही."

"अजिबातच नाही?"

"नाही बाबा."

त्यांनी बोटांनी ताटातला काटा बाजूला केला. "आणि तुला हे माहीत होतं."

"मला माहीत असणारच ना! मी तेच सांगतेय!" माझा आवाज चढला. "बेसिनपाशी सांगितलं, गाडीत सांगितलं, मेसेज केला! मेसेजला तुम्ही मला दरवाजा पाठवलात!"

आई नको तेव्हा हसली.

"मी फॅक्टरीत सगळ्यांना सांगितलंय," बाबा म्हणाले. "फोरमनला सांगितलं. माशाल्ला म्हणाला तो."

"मी कुठे म्हटलं होतं, सगळ्यांना सांगा म्हणून?"

"मग खलास. अकाउंट्सच कर."

आणि ते हात धुवायला उठले. मॅडमनी सांगितलेलं रडणं हेच असावं, असं मला वाटलं. पण रडू येईना. रागच येत होता. मी लॅपटॉप आणला, ते पिवळं चित्र मोठं करून टेबलावर ठेवलं. बाबा हात पुसत आले. त्यांना बघायचं नव्हतं, पण समोरच होतं.

मी पुढचं दाखवलं, आणि त्याच्या पुढचं.

"हे एकच आहे की," ते म्हणाले.

"जागा एक आहे. वेळ वेगळी आहे."

"दुसरं काही येत नव्हतं का त्याला?"

"येत होतं. पॅरिसला राहून आला होता."

"मग परत कशाला आला? तिकडे जम बसला असता."

"माहीत नाही."

"माहीत नाही? आणि त्याच्यावर निबंध लिहितेस?"

"माहीत नाही म्हणूनच लिहितेय!"

आम्ही दोघंही ओरडून बोलत होतो. मजा म्हणजे बाबा जे म्हणत होते ते सगळं मी आधी स्वतःच म्हणून झाले होते. कंटाळवाणा, एकसुरी, परत कशाला आला. आता मी त्याच्या बाजूने भांडत होते, जणू तो आमच्याच घरातला कोणी होता.

"परत आला आणि गावात काम मिळालं त्याला?" बाबांनी जरा वेळाने विचारलं.

"शाळेत. मुलांना शिकवायचा."

"हं," बाबा म्हणाले आणि आडवे व्हायला गेले.

मग अबोला. 'तिला सांग, गॅस बुक केला का' अशा पद्धतीचा, आईमार्फत. मी समोर बसलेली असायचे. आई दोघांना सारखीच वैतागली होती. "मी काय फोन आहे का तुमचा?" असं म्हणून एकदा ती शेजारी जाऊन बसली. मग आम्हाला एकमेकांशी बोलावंच लागलं.

"नोकरी मिळते का त्यात?" बाबांनी विचारलं.

"मिळते. म्युझियममध्ये, शाळांमध्ये. पण नक्की सांगता येत नाही."

"खोटं तरी सांगायचंस."

"तुम्हाला पुन्हा खरं सांगायला मला सहा महिने लागतील."

त्यांना हसायचं नव्हतं, पण ओठ हलले. "अकाउंट्स पूर्ण सोडायचं नाही," ते म्हणाले. "बाजूला असू दे. जोडीला."

"मायनर."

"काय ते. आणि यापुढे मला काही सांगायचं असेल तर मराठीत सांगायचं. पूर्ण वाक्यात. आणि नळ बंद करून."

"नळ तुम्हीच सुरू केलेला होता."

"बघ, परत!"

हा होकार होता की नाही, मला कळेना. मॅडमना काय सांगू, हाही प्रश्नच होता. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा लगेच खूश होत नाही. शनिवारी बाबांना फोरमनचा फोन आला. तो पेशावरकडचा, भला माणूस, फक्त कुठलीही चौकशी अर्धी सोडत नाही. कामाचं बोलून झाल्यावर त्याने माझं विचारलं असावं, कारण बाबा एकदम वैतागले.

"पॉलिश नहीं यार. तस्वीर. पहाड़ की तस्वीर बनाता था... नहीं, फोटो नहीं, हाथ से. हाँ, पेंटर. अरे अपना वाला पेंटर नहीं, वो वाला पेंटर! एक ही पहाड़ बनाता था... क्यों बनाता था? मेरे को क्या मालूम, मेरी लड़की वही पढ़ रही है... हाँ, पढ़ेगी. मैंने बोल दिया पढ़ने को. अब तू कितना पूछेगा? यल्ला, फोन रख."

सोमवारी तास संपल्यावर मॅडम काही विचारायच्या आतच मी त्यांना सांगितलं, की घरी बोलून झालं आहे.